पिंगळ्याचा शेजार

संध्याकाळी एकट्या माणसाला सोबत हवी असली तर बडोद्यात फार लांब जावं लागत नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या घराची अगाशी, म्हणजे गच्ची, असो नाहीतर मांजलपूरच्या सोसायटीतली तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, नजरेच्या टप्प्यात एखादा म्हातारा वड, पिंपळ, चिंच किंवा कडुलिंब असला म्हणजे पुरे. हे गाव नावानेच वडाचं. वटोदर, म्हणजे वडाच्या पोटातलं. आणि वडाच्या पोटात, खरोखरच्या ढोलीत, बहुतेक वेळा पिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची, जोडी राहत असते.

घुबडं बघायची म्हटलं की नवा माणूस मोठ्या घुबडामागे लागतो. शिंगं असलेलं, मांजराएवढं, अंधारात घुमणारं काहीतरी त्याला हवं असतं. चार रात्री काही दिसत नाही आणि पाचव्या रात्री दुर्बीण कपाटात जाते. सोबतीसाठी घुबड निवडायचं तर पिंगळाच निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो साळुंकीएवढा, वीस-एकवीस सेंटिमीटरचा. वर्षभर त्याच दोन-चार झाडांवर राहणारा, सूर्य मावळता मावळता बाहेर येणारा. घुबडाला आपल्याकडे दिवाभीत म्हणतात, पण पिंगळ्याला ते नाव शोभत नाही. थंडीत तो भर सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो, आणि आपण बघतोय हे कळलं की आपल्याकडे टक लावून बघतो. बाकीची घुबडं बहुतांशी ऐकायची असतात, हा बघायचा पक्षी आहे.

शेजारपाजारचा विरोध गृहीत धरा. गुजरातीत याला चीबरी म्हणतात, आणि घरावर चीबरी बोलली की अशुभ, हे पोळीतल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या, कुठल्याही आजी सांगतील. मराठी घरांतली समजूत आणखी रंगतदार: घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीत नेऊन झिजवतं, आणि दगड झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो. ही समजूत मात्र मोडू नये. तिने कित्येक घुबडांचे जीव वाचवले असतील. आणि गंमत अशी की पहाटे कुडमुडं वाजवत येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. त्याला सुपातून दाणे घालायचे आणि त्याच्या नावाच्या पाखराला हाकलायचं, हा हिशेब काही जुळत नाही.

जागा शोधायची ती दिवसा. आधी झाडाकडे नाही, झाडाखाली बघा. खोडावर किंवा फांदीखालच्या फरशीवर चुन्याचे ओघळ पडल्यासारखी पांढरी शीट एकाच ठिकाणी साठलेली असेल तर वर कोणीतरी रोज बसतंय. मात्र बगळे आणि कावळेही अशीच घाण करतात, म्हणून तिथेच पेलेट सापडतात का बघायचं. पेलेट म्हणजे न पचलेलं सगळं आवळून घुबडाने तोंडावाटे टाकलेली गोळी. पिंगळ्याची गोळी बोटाच्या पेराएवढी असते आणि हातात धरली तर भुगा होतो, कारण तिच्यात मुख्यतः भुंग्यांच्या पाठीची टणक कवचं असतात. ती उन्हात काळी-निळी चमकतात.

दुसरी खूण कानाने ओळखायची. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला एखाद्या झाडात बुलबुल, शिंपी, कोतवाल, साळुंक्या एकत्र गलका करत असतील आणि खार शेपटी उडवत एकसुरी चिकचिक करत असेल, तर त्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बघा. सगळे एकाच बिंदूकडे तोंड करून ओरडत असतात. तिथे मांजर नसेल, साप नसेल, तर पिंगळा असतो. गलका करणारे पुढेपुढे सरकत असतील तर बहुधा साप किंवा मांजर. एकाच जागी घिरट्या घालत असतील तर घुबड.

आता बसायचं कसं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर असलं पाहिजे. बडोद्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जूनमध्ये साडेसातच्या आसपास, त्यामुळे घड्याळातली ठरावीक वेळ धरून बसलात तर सहा महिने चुकत राहाल. रोजचा सूर्यास्त बघा आणि तिथून मागे मोजा. ढोलीपासून बारा-पंधरा मीटर अंतर ठेवा. उभं राहू नका, बसा. खुर्ची, पायरी, अगाशीचा कठडा, जे काही असेल ते रोज तेच हवं. झोपाळा असेल तर तो हलवायचा नाही. हे घरातल्या मंडळींना आधी सांगून ठेवावं लागतं.

पहिल्या दिवशी काय होतं ते नीट बघण्यासारखं असतं. ढोलीच्या काळ्या भोकात आधी दोन पिवळे डोळे दिसतात. वर पांढऱ्या भुवया, त्यामुळे चेहरा कायम रागावलेला. मग तो पूर्ण बाहेर येऊन फांदीवर बसतो आणि डोकं झपकन खाली, वर, पुन्हा खाली, मग डावी-उजवीकडे गोल फिरवतो. लोकांना वाटतं तो नमस्कार करतोय किंवा घाबरवतोय. तो आपलं अंतर मोजत असतो. घुबडाचे डोळे गोळ्यासारखे नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि कवटीत हाडाच्या कड्याने पक्के बसवलेले असतात. आपल्यासारखे ते खोबणीत फिरवता येत नाहीत. म्हणून मग सगळं डोकंच हलवायचं. डोकं हललं की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि त्या फरकावरून अंतर कळतं. मान फिरवण्याची सोयही त्याचसाठी. आपल्या मानेत सात मणके, घुबडाच्या मानेत चौदा. त्यामुळे डोकं एका बाजूला २७० अंशांपर्यंत वळतं.

हे मोजणं पहिले काही दिवस रोज चालतं. कधी तो चिडून चिर्रर्र चिर्रर्र चिरवक चिरवक असा कर्कश गजर करतो आणि जोडीदारही त्यात सूर मिळवतो. तुम्ही रोज त्याच जागी, त्याच वेळी, तितकेच स्वस्थ बसत राहिलात तर आठवड्या-दोन आठवड्यांत डोकं हलणं कमी होतं. तो बाहेर येतो, एकदा तुमच्याकडे बघतो, अंग फुगवून पिसं झटकतो, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे ताणून आळस देतो आणि कामाला लागतो. अनेकांना इथे वाटतं की आता तो आपल्याला ओळखायला लागला. तसं समजून एक पाऊल पुढे टाकलं की दोन आठवड्यांची कमाई गेली. तो तुमच्याकडे दुर्लक्ष करायला शिकलाय, एवढंच घडलेलं असतं. पण दिवसभर ज्याची कोणी दखल घेतली नाही अशा माणसालाही हे दुर्लक्ष टोचत नाही, उलट बरं वाटतं. त्यात उपेक्षा नसते, परवानगी असते. समोर एक रानटी जीव आपला संसार उघड्यावर करतोय आणि आपण तिथे असल्याने त्याचं काही अडत नाही. या छंदात मिळणारी सोबत ती एवढीच, आणि ती अंतर राखूनच टिकते.

दुर्बीण घेताना दुकानदार १०×५० हातात देतो, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची. ती घेऊ नका. संध्याकाळच्या कामाला ८×४२ बरी. कारण साधं आहे. भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर होते, म्हणून कागदावर ती जास्त उजेड देते. पण आपली बाहुली तरुणपणी अंधारात सातपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण पाचवर थांबते. वरचा उजेड मग वाया जातो आणि जवळजवळ किलोभराचं ओझं मात्र मानेला राहतं. १०×५० मध्ये पाच मिलिमीटर मिळतात, पण दहापट मोठेपणात हाताची थरथरही दहापट दिसते.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका मेसेजने ती वाया जातात. फोन खिशात, आवाज बंद. टॉर्च लागलाच तर उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाचा, उरलेला लाल पतंगाचा कागद दोन पदरी करून काचेवर रबरबँडने लावा, आणि झोत पक्ष्यावर न टाकता शेजारच्या पानांवर टाका. कडेच्या उजेडात पुरेसं दिसतं. आणि मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावायचा मोह टाळा. त्याच्या लेखी ती हद्दीत घुसलेल्या परक्या नराची आरोळी असते. तो शिकार सोडतो, अंडी सोडतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. असे व्हिडिओ करणाऱ्यांना पक्षिप्रेमी म्हणायला जीभ वळत नाही.

वही ठेवा. तारीख, सूर्यास्त, पहिला आवाज कधी, पहिलं उड्डाण कधी, कुठल्या फांदीवर, चोचीत काय आणलं. बस्स. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे 'हा तो' आणि 'ही ती' असं उगीच लिहू नका. कपाळावरच्या ठिपक्यांची दाटी, भुवईची जाडी, गळ्याखालच्या तपकिरी पट्ट्यातला खंड यावरून महिनाभरात दोघं वेगळे ओळखू येतात. कोण नर ते अंडी घालायच्या दिवसांत कळतं: ढोलीत बसून राहते ती मादी, भक्ष्य आणून देतो तो नर. ही देवाणघेवाण पाहायला नजर तयार लागते. नर फांदीवर उतरतो, मादी सरकत त्याच्या अंगाला अंग लावते, चोचीला चोच लागते आणि पाल या तोंडातून त्या तोंडात जाते. सगळं मिळून दोन सेकंद.

जोडीचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. अंडी बहुधा तीन-चार, पांढरी आणि गोलसर. उबवायला साधारण महिना, आणि पिल्लं ढोलीबाहेर यायला आणखी महिना. म्हणजे ज्यांनी नोव्हेंबरात बसायला सुरुवात केली त्यांना होळीच्या आगेमागे फांदीवर ओळीने बसलेली पिल्लं दिसू शकतात. त्यांचे ठिपके पुसट असतात आणि डोकी हलवण्यात मात्र आईबापांच्या वरताण. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे उठतात. त्या रात्री पिंगळे दिव्याच्या खांबावरून खाली-वर, खाली-वर करत पोट फुटेस्तोवर खातात. ती रात्र चुकवू नका.

पेलेट उघडून बघायचं असेल तर आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि चिमट्याने पांढऱ्या कागदावर सोडवा. हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा, कारण त्यात जंतू असू शकतात. उंदराचे पुढचे दात पिवळट-नारिंगी असतात, चिचुंद्रीचे पांढरे. एवढ्या एका खुणेवर अर्धी ओळख पटते. पूर्ण कवट्या असलेली, चार-पाच सेंटिमीटर लांब, काळपट चकचकीत गोळी मिळाली तर ती पिंगळ्याची नाही. गावात गव्हाणी घुबड आहे असं समजा.

हे दुसरं शेजारी घुबड. पांढरा बदामी चेहरा, काळे डोळे. जुन्या इमारतींच्या पोटमाळ्यात, घुमटाच्या झरोक्यांत, बंद कारखान्यांत राहतं. रात्री अगाशीवरून पांढरं काही तरी आवाज न करता गेलं तर तेच. त्याच्या पिसांची पुढची कड दातेरी फणीसारखी, वरची बाजू मखमली आणि मागची कड झालरीसारखी असते. हवा बारीक फाटत जाते, म्हणून फडफड होत नाही. दोन्ही कानांची भोकं वर-खाली असल्याने उंदराचा आवाज वरून येतो की खालून हे त्याला काळोखातही कळतं. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं एका दिवशी फुटत नाहीत आणि एकाच घरट्यात थोरलं पीस फुटलेलं, धाकटं अजून कापसाचा गोळा असं दृश्य असतं. त्यांची भूक माणसाच्या घोरण्यासारखी ऐकू येते. पोटमाळ्यावर कोणी झोपलंय म्हणून घाबरलेल्या घरांची संख्या त्यामुळे कमी नाही.

बाकीची तीन नुसती नावापुरती. दाट आंब्यात किंवा चिंचेत रात्री एकेरी, प्रश्नार्थक 'वुट्?' असा मऊ आवाज ठरावीक अंतराने येत राहिला तर शिंगळा. आमराईतून थरथरता, लांबलेला विव्हळ आला तर वन घुबड. आणि मही नदीच्या कोतरांकडे, म्हणजे घळींकडे, गेलात आणि घोगरं 'बू-बो' ऐकलंत तर हुमा. कमाटी बागेतली म्हातारी झाडं संध्याकाळी, फाटक बंद व्हायच्या आत, नीट बघण्यासारखी आहेत. पण विश्वामित्रीच्या काठावर अंधार पडताना बसायला जाऊ नका. घुबडाकडे मान वर करून बसलेल्या माणसाचं मगरीकडे लक्ष नसतं, आणि या नदीत मगरी आहेत.

आता नुकसान कशाने होतं ते. पहिला नंबर मांज्याचा. उत्तरायण बरोबर हंगामाच्या मध्यात येतं. दिवसा कापलेले दोर झाडांत लटकून राहतात आणि पिंगळा बाहेर पडतो तो नेमका दिवस मावळताना, जेव्हा दोरा दिसत नाही. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, पण काचेची पूड लावलेला सुती दोराही पंख कापतोच. १५ जानेवारीच्या दिवसभरात आपल्या आवाराच्या झाडांतला दोर बांबूला आकडी बांधून काढा आणि बारीक तुकडे करून टाका. तो तसाच कचऱ्यात टाकला तर पुढे कुठेतरी अडकतो. जखमी घुबड सापडलं तर जाड कापड टाकून मागून उचला, पाय धरा कारण चोचीपेक्षा नखं लागतात, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. पाणी चोचीत ओतू नका, दूध-पोळी तर नकोच. फोन १९६२ वर. ही करुणा ॲम्ब्युलन्स गुजरातभर चालते आणि उत्तरायणाच्या दिवसांत करुणा अभियानाची केंद्रंही उघडी असतात.

दुसरं, उंदराचं औषध. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस रक्त गोठायचं थांबत जातं, तो सुस्त होतो, उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच घुबडाच्या हाती लागतो. विष मग घुबडात उतरतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढंच सांगा: पिंजरा लावा, वड्या नको. 'घुबडं वाचवा' म्हटलं तर लोक हसतात, 'मेलेला उंदीर पाण्याच्या टाकीत पडेल' म्हटलं तर ऐकतात.

तिसरं, उन्हाळ्यात जमिनीवर सापडलेलं पिल्लू. ते बहुधा हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. कुत्र्या-मांजराच्या आवाक्याबाहेरच्या फांदीवर ठेवा. ते फार लहान असेल तर टोपलीत सुकी पानं घालून त्याच झाडाला बांधा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत, पिल्लाच्या आवाजावर येतात. घरी आणून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कितीही मायेने केलं तरी.

झाड छाटायला माणसं येतील तेव्हा आधी ढोल्या बघून घ्या आणि काम मेच्या उत्तरार्धाआधी करू देऊ नका. ढोलीची फांदी कापली गेलीच असेल तर पेटी लावून बघता येते. आतला तळ २० × २० सेंटिमीटर, उंची ४०, तोंडाचं गोल भोक साडेसात सेंटिमीटर व्यासाचं आणि तळापासून २५ वर, म्हणजे पिल्लं लवकर बाहेर पडत नाहीत. दोन सेंटिमीटर जाडीची फळी घ्या. प्लायवूड एका पावसाळ्यात फुगून सुटतं, आणि पातळ फळीत बडोद्याचा मे महिना भट्टी करतो. छताखाली दोन्ही बाजूंना वाऱ्याची भोकं, तळाला पाणी निघायला चार बारीक भोकं, छत पुढे आठ-दहा सेंटिमीटर काढलेलं. आत रंग नाही, पॉलिश नाही. तळाला तीन-चार सेंटिमीटर लाकडाचा जाड भुसा, कारण घुबड काड्या आणून घरटं करत नाही आणि अंडी नुसत्या फळीवर गडगडतात. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, म्हणून तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. उंची चार मीटरच्या आसपास. खिळे झाडात न ठोकता जुन्या सायकलच्या ट्यूबने बांधा. लावायची ती सप्टेंबरात.

पहिल्या वर्षी तीत साळुंक्या जातील, नाहीतर पोपट, नाहीतर खार चिंध्या भरेल. एखाद्या वर्षी मधमाश्याही येतात, तेव्हा हात लावू नका. पावसाळ्यात पेटी उतरवून रिकामी करा, नवा भुसा घाला, त्याच जागी परत बांधा. रिकामी राहिली म्हणून दुसऱ्या झाडावर हलवायची घाई नको. दोन हिवाळे जाऊ द्या. खाली चुन्याचा पहिला ओघळ दिसला की खुर्ची बारा मीटर मागे सरकवा आणि वहीचं नवं पान उघडा.